अर्ध्या सेकंदाची हवा

आमच्या बेळगावात एका शब्दाची मोठी गंमत आहे. कानडीत हवेला, वाऱ्याला ‘गाळी’ म्हणतात, आणि मराठी कानाला तो शब्द शिव्यांच्या मुलखातला वाटतो. लहानपणी शेजारच्या अज्जी खिडकी उघडून ‘गाळी बरली’ म्हणाल्या, तेव्हा आता कुणाचा तरी उद्धार होणार, या आशेने मी बाहेर धावलो होतो. बाहेर कुणीच नव्हते. नुसता वारा होता. तर सांगायची गोष्ट अशी, की गेल्या वर्षी याच गाळीने माझी पुरती फजिती केली. चूक गाळीची नव्हती. ती ऐकणाऱ्याची होती.

या गोष्टीची नायिका म्हणजे माझ्या मामाची होंडा सिटी. ही गाडी भारतात १९९८ साली आली आणि २००० साली तिचे ‘व्हीटेक’ नावाचे रूप निघाले. १४९३ सीसीचे इंजिन आणि १०६ अश्वशक्ती. आज हे आकडे ऐकून कुणी मान वळवून पाहणार नाही, पण त्या काळी साध्या घरगुती चारचाकीत एवढी ताकद म्हणजे कारकुनाच्या पोशाखात पैलवान. या इंजिनची खुबी अशी, की फेऱ्या एका मर्यादेपलीकडे गेल्या की झडपा उघडण्याची तऱ्हाच बदलते. त्या जास्त उंच उघडतात, जास्त वेळ उघड्या राहतात आणि इंजिन छाती भरून श्वास घेऊ लागते. मामाची गाडी २००२ सालची. मामा गोव्यात नोकरीला असतो. त्याच्या नव्या घरापाशी दोन गाड्यांना जागा नाही, म्हणून ही म्हातारी आमच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली येऊन राहिली. किल्ली माझ्या हातात देताना मामा एवढेच म्हणाला, “चालव, पण जप. आणि एक सांगतो, गोव्यात ही जशी पळायची तशी इथं पळत नाही. बेळगावचं पाणी लागलंय हिला.”

हे वाक्य माझ्या डोक्यात भुंग्यासारखे शिरले. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे ‘पाणी लागले’ हे कारण मला पटणे शक्य नव्हते. मी वही काढली. चार फटक्यांचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपले पोट हवेने भरते. मिनिटाला ६००० फेऱ्या धरल्या तर ३००० वेळा १४९३ सीसी, म्हणजे जवळजवळ ४५०० लिटर हवा. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. याचा अर्थ आमच्या पेरूखालची ही गाडी जोरात पळताना सहाशे माणसांचा श्वास एकटी घेते. आपले सभागृह कुणाच्याही व्याख्यानाला एवढे भरलेले मी पाहिलेले नाही. पुढचा हिशेब असा, की एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा जितकी दाट, तितके पेट्रोल जास्त आणि तितकी ताकद जास्त. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. इथली हवा गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे सात टक्के विरळ. आपल्याकडचा गारवा त्यातले थोडे भरून काढतो, सगळे नाही. म्हणजे मामाचे म्हणणे खरेच होते. पाणी नव्हे, हवा लागली होती.

बेळगाव खाली उतरवणे माझ्या हाती नव्हते. पण इंजिनला जाणारी हवा गार करणे हाती होते, असे मला वाटले. बॉनेटखालची हवा ५७ अंशांपर्यंत तापते आणि बाहेरची २७ अंश असते असे धरले, तर निरपेक्ष तापमानाच्या हिशेबाने ३३० आणि ३००. म्हणजे तापलेली हवा नऊ टक्क्यांनी पातळ. १०६ घोड्यांतले नऊ-दहा घोडे नुसत्या उकाड्याने मरतात! बाहेरच्या देशांत हौशी मंडळी जुन्या गाड्यांना लांब नळी बसवून बाहेरची गार हवा थेट इंजिनला पाजतात हे मी वाचले होते. तयार नळीची किंमतही वाचली होती आणि वाचून पान उलटले होते. मग ठरवले, घरीच करायची.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मिस्त्री आहेत. पन्नाशी ओलांडलेले, मराठी समजणारे आणि कानडी बोलणारे. त्यांना माझा बेत सांगितला. त्यांनी बॉनेट उघडले, हवेच्या काळ्या डब्यावर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाले, “तम्मा, मोदलु फिल्टर नोडु. इंजिनगे तण्णन गाळी बेकु, हौदु. आदरे मोदलु फिल्टर नोडु.” म्हणजे, बाळा, आधी फिल्टर बघ. इंजिनला गार हवा पाहिजे हे खरे, पण आधी फिल्टर बघ. शाळेपासून कानडी शिकलो आहे, त्यामुळे वाक्य पूर्ण कळले. पण तीन वाक्यांतले मधले तेवढे मी उचलले. तण्णन गाळी बेकु! माझ्या शोधाला जाणकाराचा दाखला मिळाला. आधी आणि शेवटी ते जे म्हणाले ते मी गाडीच्या हॉर्नसारखे कानाआड केले.

पुढचे तीन आठवडे मी अभ्यास सोडून बाकी सर्व काही केले. नळसामानाच्या दुकानातून ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणि दोन एल्बो आणले. दुकानदाराने विचारले, “न्हाणीघर बांधूलास काय?” मी म्हटले, “नाही, गाडीला लावायचाय.” त्याने पैसे मोजून घेतले आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले नाही. पाइपचा मार्ग आधी पुठ्ठ्याचा करून पाहिला. बॉनेटखाली जागा इतकी थोडी, की एक वळण जमले तर बॅटरी आडवी यायची आणि बॅटरी चुकवली तर पंख्याची जाळी. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडते, म्हणून धुराड्याच्या बाजूपासून तो चार बोटे लांब ठेवला. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासून आरशासारख्या केल्या. सांध्यांना रबरी नळीचे तुकडे आणि स्टीलच्या क्लिपा लावल्या. टोकाला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवला.

इंजिनच्या झाकणावरून एक बारीक नळी हवेच्या मार्गात येते. तिला फिल्टरच्या पुढची, गाळलेलीच हवा मिळाली पाहिजे, नाहीतर धूळ सरळ इंजिनच्या पोटात जाते. त्यासाठी पाइपला भोक पाडून निपल बसवायचे होते. माझे बाबा उद्यमबागेत टर्नर आहेत. माझ्या या उद्योगाकडे ते तोवर वर्तमानपत्राच्या वरून पाहत होते. पण मी निपलचे चित्र काढून दिले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या डब्याबरोबर एक पितळी निपल टेबलावर आले. तीन कंगोरे असलेले, पिवळेधमक, हाताला गुळगुळीत. “माप बरोबर आहे का बघ,” एवढेच ते म्हणाले. माप बरोबर होते.

फिल्टर कुठे ठेवायचा यावर मात्र आमचा वाद झाला. सर्वांत गार हवा पुढच्या बंपरच्या आत, जमिनीजवळ मिळते. मला तो तिथे न्यायचा होता. बाबा म्हणाले, “जुलैत आपल्या रस्त्यावर किती पाणी असतं ते बघितलंयस ना?” पाणी दाबले जात नाही. फिल्टर बुडाला आणि इंजिनने हवेऐवजी पाणी ओढले, तर वर येणारा पिस्टन तिथेच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मामाचे इंजिन एका पावसात भंगारात गेले असते. मी फिल्टर वर, हेडलाइटच्या मागे ठेवला. त्या साऱ्या उद्योगातला तो एक शहाणपणाचा निर्णय, आणि तोही माझा नव्हता.

एकूण खर्च १८७० रुपये. त्या संध्याकाळी किल्ली फिरवली, रेस दिली, आणि काय सांगू! जी गाडी आजवर सभ्यपणे घसा खाकरायची, ती वाघासारखी गुरगुरली. पेरूवरचे पक्षी उडाले. आई देवापुढची वात तशीच सोडून बाहेर आली. मी मित्राला शेजारी बसवून एक फेरी मारली. “जबरी पळूलाय बे!” तो म्हणाला. मलाही तसेच वाटले. पाठ सीटला चिकटल्याचा भास झाला. पण मी शास्त्राचा विद्यार्थी! भासावर कसा थांबेन? मी मोजमाप आधीच करून ठेवले होते. जुना डबा असताना एका रविवारी पहाटे, कारखान्यांमागच्या रिकाम्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० ते ७० किलोमीटर वेग गाठायला किती वेळ लागतो, ते मित्राने मोबाइलवर काटा चित्रित करून टिपले होते. जाताना पाच वेळा, येताना पाच वेळा. सरासरी ८.९ सेकंद. आता नवी नळी लावून पुढच्या रविवारी तेच केले. सरासरी ८.४ सेकंद. अर्धा सेकंद! जवळजवळ सहा टक्के!

सोमवारी मी चालत कॉलेजात गेलो नाही, तरंगत गेलो. विज्ञान मंडळाच्या शुक्रवारच्या सभेत माझा निबंध ठरला आणि फळ्यावर झळकलाही: ‘घरगुती शीतवायू-नळी : वेगवाढीत सहा टक्के सुधारणा.’ खाली कुणीतरी खडूने लिहिले होते, ‘हवा करू नका.’ ते मी पुसले नाही. यशस्वी माणसांनी असल्या गोष्टी पुसायच्या नसतात.

मंगळवारी निबंध दाखवायला आमच्या सरांकडे गेलो. त्यांनी आकडे वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सरांचा चष्मा पुसणे ही विद्यार्थ्याने धास्तावण्याची वेळ असते. “नळीच्या आतलं तापमान मोजलंस?” नाही. “मग शीतवायू म्हणतोस तो शीत आहे हे कशावरून?” मी गप्प. “बरं. जुन्या डब्यातला फिल्टर किती जुना होता?” मी म्हटले, “पाहिला नाही सर.” “आणि नळीला लावलास तो?” “कोरा.” सरांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. “म्हणजे तू एका वेळी दोन गोष्टी बदलल्यास आणि श्रेय एकीला दिलंस. जुन्या डब्यात नवा फिल्टर घालून मोजून ये.”

घरी येऊन अडगळीतून जुना डबा काढला आणि उघडला. आतल्या कागदी फिल्टरच्या घड्या तांबड्या मातीने लिंपल्यासारख्या भरल्या होत्या. दोन सुकी पाने आणि एक मेलेला नाकतोडा होता. मोदलु फिल्टर नोडु. मिस्त्रींचा आवाज इतका स्पष्ट ऐकू आला, की मी मागे वळून पाहिले.

नवा कागदी फिल्टर २८० रुपयांना मिळाला. बुधवारी पहाटे अंधार सरताना त्याच रस्त्यावर जुना डबा बसवून दहा फेऱ्या केल्या. सरासरी ८.३ सेकंद. एकेका फेरीत एक-दोन दशांशांचा फरक सहज पडत होता, तेव्हा ८.३ आणि ८.४ यांत काही अंतर नाही हे उघड होते. मग वायरवाला तापमापक लावला. धावताना जुन्या डब्यातली हवा बाहेरच्यापेक्षा अवघी चार अंश गरम. माझ्या नळीतली बारा अंश. आणि बाजारात दहा मिनिटे उभे राहिल्यावर माझ्या नळीत बाहेरच्यापेक्षा ३१ अंश जास्त! त्या तापलेल्या अवस्थेत लगेच फेरी केली तर ८.८. मी इतका खटाटोप करून इंजिनला गार हवा पाजत नव्हतो. त्याच्या तोंडाशी शेगडी धरली होती.

आता डबा नीट न्याहाळला. त्याचे तोंड मुळातच बॉनेटच्या उष्णतेपासून दूर, बाहेरची हवा ओढणारे होते. मी ज्या शोधाचा अभिमान बाळगत होतो तो कारखान्यातल्या अभियंत्यांनी माझ्या जन्माआधीच काळ्या प्लास्टिकमध्ये बसवून ठेवला होता. मार्गात मडक्यासारखी एक पोकळ पेटीही होती. ती बिनकामाची समजून मी आधीच काढून फेकायला निघालो होतो. बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारली की ती एका ठरावीक सुरात घुमते, हा हेल्महोल्ट्झच्या अनुनादकाचा प्रयोग आपण सर्वांनी वाचला आहे. गाडीतली ही पेटी त्याच तत्त्वाने इंजिनच्या श्वासातला ठरावीक आवाज गिळते. माझा वाघ म्हणजे ती पेटी काढल्यावर मोकळा झालेला आवाज होता. आवाज वाढला, म्हणून वेग वाढल्यासारखा वाटला. ही चूक केवळ गाड्यांच्या बाबतीतच होते असे नाही.

बुधवारी रात्री मित्र आला. त्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, “मग ८.९ आणि ८.४ एवढंच सांग की. दोन्ही आकडे खरेच हायत. तिसरा कोण विचारतंय?” वाचकहो, खरे सांगतो, मी तासभर त्यावर विचार केला. खोटा आकडा सांगायला मी धजलो नसतो. पण इथे खोटे काहीच नव्हते. दोन खरे आकडे सांगायचे आणि एक खरा आकडा खिशात ठेवायचा. फळ्यावर शीर्षक लागले होते. अख्ख्या वर्गात माझी ‘हवा’ झाली होती. शिवाय बाबांचे पितळी निपल त्या नळीत बसले होते. ती नळी कुचकामी म्हणायची म्हणजे तेही वाया गेले म्हणायचे.

बाबा जेवत होते. मी त्यांना विचारले, “कारखान्यात जॉब मापाबाहेर गेला तर काय करता?” ते म्हणाले, “गो-नोगो गेज असतो. नोगोची बाजू आत गेली की जॉब गेला. मग तो दिसायला कितीही चकाचक असू दे.” “आणि कुणी गेज हळूच, फक्त गोच्या बाजूने लावून दाखवला तर?” बाबांनी घास खाली ठेवला. “तसा एकदा मी लावला होता. नवा होतो. सोळा जॉबची पेटी परत आली. त्या महिन्याच्या पगारापेक्षा साहेबानं काही न बोलणं जास्त लागलं.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “गेज काय आपला पाहुणा नव्हे, त्याची मर्जी राखायला.” ते निपलबद्दल काहीच बोलले नाहीत. मला वाटते, त्यांना सगळे समजले होते.

गुरुवारी फळ्यावरचे शीर्षक मी स्वतः पुसले आणि नवे लिहिले: ‘घरगुती शीतवायू-नळी : एक अपयश आणि त्याची मोजणी.’ ‘हवा करू नका’ हे तसेच राहू दिले. शुक्रवारी निबंध वाचला. हशा पिकला. नाकतोड्याला टाळ्या पडल्या. शेवटी एका विद्यार्थिनीने विचारले, “मग नळीचा काहीच उपयोग नाही का?” मी म्हणालो, फिल्टरभोवती पत्र्याची भिंत घालून, बाहेरची हवा येईल असे तोंड करून मी पुन्हा मोजणार आहे. तसे नंतर केलेही. आकडा आला ८.३. म्हणजे १८७० रुपये आणि तीन आठवडे खर्चून मी शेवटी जुन्या डब्याइतका चांगला डबा बनवला. सर एवढेच म्हणाले, “आता तुला डबा कळला.” चष्मा पुसला नाही.

नळी आता आपल्या प्रयोगशाळेत आहे. अनुनादाच्या प्रात्यक्षिकात तिच्या तोंडावरून फुंकर मारतात आणि ती खर्जात घुमते. पितळी निपल मात्र मी काढून घेतले. ते माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून असते. त्याचे माप अजून बरोबर आहे.

दिवाळीत मामा आला. मूळचा डबा, नवा फिल्टर आणि मडक्याची पेटी जिथली तिथे असलेली गाडी घेऊन आम्ही चोर्ला घाटाकडे गेलो. वळणावर त्याने तिसरा गिअर टाकला आणि गाडी हसत वर चढली. मामा खूश झाला. “अरे, ही तर गोव्यातल्यासारखी पळते! काय केलंस काय?”

“२८० रुपयांचा फिल्टर बदलला, मामा.”

मामाने माझ्याकडे एक डोळा बारीक करून पाहिले. “बाकी काहीतरी केलं असशील. सांगत नाहीस.”

परत आल्यावर मिस्त्रींच्या गॅरेजवरून जाताना गाडी थांबवली आणि त्यांना म्हटले, “मोदलु फिल्टर नोडिदे.” आधी फिल्टर बघितला. ते हात पुसत हसले. आधी नव्हे, सर्वांत शेवटी बघितला होता, हे त्यांना माझ्या तोंडावरूनच कळले असावे. पण ते काही बोलले नाहीत.